मीठ कमी करताय? आधी हे ऐका

‘मीठ कमी करा’ असं तुमच्या जीपींनी सांगितलं असेल, तर ते योग्यच आहे. इथे ब्रिटनमध्ये एनएचएस मोठ्या माणसांना दिवसाला ६ ग्रॅमपर्यंतच मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, फरसाणही त्यातच धरायचं. पण काही जणांनी हा बदल विचारून करायला हवा.

पहिली गोष्ट, सुपरमार्केटमधलं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रॅमिप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गंमत म्हणजे या गोळ्या बीपी आणि हृदयविकाराच्याच. म्हणजे हे मीठ हौसेने आणणारे बहुतेकदा तेच! आणि बरणी एकाची असली तरी आमटी सगळ्यांची असते. भारतातून आईबाबा राहायला आले असतील, तर त्यांच्या गोळ्यांची नावंही वाचा. सैंधव किंवा पादेलोण हा त्यावरचा उपाय नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

दुसरी गोष्ट, लिथियम. मीठ अचानक कमी केलं, की मूत्रपिंड सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतं आणि त्याची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

तिसरी, ॲडिसनचा आजार. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली त्याचं वर्णन केलं. यात शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून अशा रुग्णांनी मीठ तोडू नये.

चौथी, लघवी वाढवणाऱ्या इंडापमाइडसारख्या गोळ्या घेणारे वयस्कर लोक. त्यांचं सोडियम आधीच घसरू शकतं. आजी अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागल्या, पडू लागल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांना कळवा.

यांतलं काही घरात असेल, तर गोळ्यांची यादी घेऊन जवळच्या फार्मसीत जा. फार्मासिस्टना विचारायला अपॉइंटमेंट लागत नाही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. छातीत धडधड, चक्कर, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर १११ ला फोन करा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर ९९९.

बाकीच्यांनी मीठ जरूर कमी करा. लिंबू, कोकम, जिऱ्याची फोडणी आहेच चवीला.