प्रजाती म्हणजे जात नव्हे

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रजाती' हा शब्द येतो आणि मुले घरी विचारतात, "प्रजाती म्हणजे जात का?" हा प्रश्न आपण टाळू नये.

जे प्राणी निसर्गतः आपसात जोडी जमवतात आणि ज्यांच्या पिलांनाही पुढे पिले होतात, त्यांची एक प्रजाती. घोडी व गाढव यांच्यापासून खेचर जन्मते, पण खेचराला सहसा पिलू होत नाही. म्हणून घोडा व गाढव या दोन प्रजाती.

मग एकीच्या दोन कशा होतात? बहुधा समुद्र किंवा डोंगर आड येतो आणि एकाच कुळाचे दोन गट वेगळे पडतात. दोन्हीकडचे अन्न, हवामान निराळे. तेथे जो तगतो, त्याचेच गुण पुढच्या पिढीत उतरतात. हजारो-लाखो वर्षांनी गट पुन्हा भेटले तरी जोडी जमत नाही.

क्वचित याची सुरुवात डोळ्यांदेखत होते. डार्विन १८३५ साली ज्या गॅलापागोस बेटांवर गेला होता, त्यांपैकी डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. १९८१ साली तेथे एक परका नर आला. अंगाने मोठा, गाणेही वेगळे. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. त्याचे मुलगे बापाचेच गाणे शिकले. पुढे दुष्काळात या कुळातले एक भाऊ-बहीणच उरले. तेव्हापासून हे पक्षी आपसातच जोड्या जमवू लागले. तो नर शंभर किलोमीटरहून दूरच्या एस्पान्योला बेटावरचा होता, हे जनुकांच्या तपासणीतून २०१७ साली जाहीर झाले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. फिंच पक्ष्यांना कोणी बंदी घातली नव्हती. गाणे आणि चोच पाहून ते जोडीदार निवडतात. आपल्याकडची बेटीबंदी मात्र माणसानेच घातली. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही देशाच्या स्त्री-पुरुषांना मुले होतात आणि त्या मुलांनाही होतात. जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिभेदाचे निर्मूलन' या ग्रंथात मांडले होते.

तेव्हा मुलांना निःशंकपणे सांगू या : पक्ष्यांच्या प्रजाती हजारो, माणसाची प्रजाती एकच.