715 वा चेंडू झेलणारा आणि काशीची दोन मुलं

दशाश्वमेध घाटावरच्या गर्दीतून वाट काढत दक्षिणेकडे थोडं चाललं की अहिल्याबाई घाट लागतो. 1780 मध्ये काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचं नाव त्याला आहे, त्यामुळे मराठी यात्रेकरू इथे जरा जास्तच रेंगाळतो. उन्हं कलली की या घाटांवर मुलांचं क्रिकेट रंगतं. मला त्यात फलंदाजीपेक्षा फेक बघायला आवडते. चेंडू खालच्या पायऱ्यांवर घरंगळत जातो, एखादा पोरगा धावत जाऊन गंगेच्या काठाशी तो अडवतो आणि वळता वळताच वर फेकतो. पायाखाली ओला दगड, स्टंप्स डोक्याच्याही वर, तरी चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात. असा हात कुणी शिकवून येत नाही.

बेसबॉलच्या इतिहासातल्या विक्रमांची उजळणी करताना मला नेहमी याच भागातले दोन हात आठवतात. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक संघाशी करार करणारे हे पहिले दोन भारतीय खेळाडू. विक्रमांच्या जाड ग्रंथांत त्यांच्या वाट्याला ओळ-दोन ओळी येतात. पण त्यांची गोष्ट ज्या माणसांना आणि ज्या संघाला स्पर्श करत गेली, ते बघितलं की या खेळाचा अर्धा इतिहास त्यात सापडतो.

सुरुवात 8 एप्रिल 1974 पासून करायला हवी. अटलांटात त्या रात्री हँक ॲरननं 715 वा होमरन मारला आणि बेब रूथचा 714 चा विक्रम मोडला. गोऱ्या रूथचा विक्रम काळा खेळाडू मोडणार म्हणून ॲरनला कित्येक महिने धमक्यांची पत्रं येत होती. चेंडू कुंपणापलीकडे, राखीव पिचर जिथे हात मोकळा करतात तिथे गेला. तो झेलला त्याच्याच संघातल्या टॉम हाउस नावाच्या तरुण पिचरनं आणि धावत जाऊन त्यानं तो ॲरनच्या हाती दिला. हाउस पुढे प्रशिक्षक झाला. कारकिर्दीत 5,714 फलंदाजांना स्ट्राइकआउट करणारा नोलन रायन त्याच्या हाताखाली खेळला. आणि 2008 मध्ये त्याच्यासमोर उभी राहिली काशीकडची ही दोन मुलं.

दोघं मुळात भालाफेकपटू, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात तयार झालेले. रिंकूचे वडील ट्रकचालक, घरात नऊ भावंडं. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटानं भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा काढली. ताशी 90 मैल वेगानं लागोपाठ तीन अचूक चेंडू टाकणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळणार होते. 37 हजारांवर मुलांनी हात आजमावला. दहा लाख कुणालाच मिळाले नाहीत. ताशी 87 मैलांच्या फेकीवर रिंकू पहिला आला, त्याला एक लाख डॉलर मिळाले. दिनेश दुसरा.

आठशे ग्रॅमचा भाला धावत येऊन मोकळ्या मैदानात फेकायचा असतो. बेसबॉलचा चेंडू जेमतेम दीडशे ग्रॅमचा, आणि पिचरला धाव घ्यायची मुभाच नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभं राहून, पाय उचलून, साठ फूट सहा इंचांवरच्या सतरा इंची पट्टीवरून तो न्यायचा. टप्पा नाही, म्हणजे खेळपट्टीची मदतही नाही. विशी न गाठलेल्या मुलांनी हे सगळं मुळापासून शिकायचं होतं, तेही काही महिन्यांत. हाउसनं ते करून घेतलं. नोव्हेंबर 2008 मध्ये ॲरिझोनात निवडकर्त्यांपुढे चाचणी झाली आणि 24 नोव्हेंबरला पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांशी करार केला.

पायरेट्सच! याच संघानं 1 सप्टेंबर 1971 रोजी मैदानात उतरवलेल्या नऊच्या नऊ खेळाडूंत एकही गोरा नव्हता. मोठ्या लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. पोर्टो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटे त्या नवांत होता. त्यानं 30 सप्टेंबर 1972 ला तीन हजारावा हिट मारला आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. परक्या भाषेच्या खेळाडूचं पिट्सबर्गला अप्रूप राहिलेलं नव्हतं.

4 जुलै 2009 ला रिंकू अमेरिकेत व्यावसायिक सामन्यात उतरला, आणि 13 जुलैला सामना जिंकल्याचं श्रेय त्याच्या नावावर लागलं. भारतीय पिचरचा तिथला हा पहिला विजय. लीग सगळ्यात खालच्या पायरीची होती, तरी पहिलेपण ते पहिलेपणच. दिनेशला 2010 च्या अखेरीस संघानं मोकळं केलं आणि तो परतला.

या दोघांवरचा डिस्नेचा 2014 चा चित्रपट करारापाशी थांबतो. माझ्या मते खरी कमाई त्यापुढची आहे. 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या संघाकडून रिंकूनं मोसमभर 72 डाव टाकले आणि दर नऊ डावांमागे सरासरी तीनच धावा दिल्या. स्पर्धेतली एक वेगवान फेक जमून जाऊ शकते. रात्र रात्र बसनं प्रवास करून, दुसऱ्या दिवशी बॅट हातात घेऊनच वाढलेल्या पोरांना महिनोन् महिने रोखणं तसं जमून जात नाही. चार वर्षांपूर्वी त्याला हा खेळ ठाऊकही नव्हता.

मग कोपर गेलं. त्यावरची शस्त्रक्रिया टॉमी जॉन या पिचरच्या नावानं ओळखली जाते: फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातल्याच दुसऱ्या ठिकाणचा स्नायुबंध ओवतात. जॉनवर ती 1974 च्या सप्टेंबरमध्ये झाली. एप्रिलमध्ये ॲरननं ज्यांच्याविरुद्ध तो होमरन मारला, त्याच डॉजर्सचा हा खेळाडू. शस्त्रक्रियेनंतर त्यानं आणखी 164 सामने जिंकले. रिंकूला मात्र तसं परतायची संधी मिळाली नाही. 2013 पासूनचे मोसम दुखापतीत गेले, आणि 2018 मध्ये त्यानं डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीशी करार केला. तिथे तो ‘वीर महान’ म्हणून गाजला, आणि आज काशीतही अनेकांना तो ठाऊक आहे तो त्याच नावानं. मला त्याचा 2012 चा मोसम अधिक मोलाचा वाटतो.