पाळकाचे दान करणारी मंडळी : लेस्टरचे हार्वे लेन चॅपेल आणि विल्यम कॅरी

धर्मग्रामातील प्रिय धर्मगुरूंची बदली झाली की भाविकांच्या मनाला हुरहूर लागते. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, डोळे ओलावतात. परंतु निर्णय महागुरुस्वामींचा असतो आणि आपण तो स्वीकारतो. ज्या ख्रिस्ती परंपरेत महागुरुस्वामीच नाहीत, जेथे मंडळी स्वतः आपला पाळक निवडते, तेथे त्याला दूर पाठविण्याचा निर्णयही मंडळीलाच घ्यावा लागतो. दोन शतकांपूर्वी इंग्लंडमधील एका छोट्या बाप्टिस्ट मंडळीपुढे असा प्रसंग आला होता. तिच्या पाळकाचे नाव विल्यम कॅरी. मराठी भाषेच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. त्यांना हिंदुस्थानात येऊ देणाऱ्या मंडळीची मात्र आपल्याकडे फारशी कोणाला माहिती नाही. तिची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

बाप्टिस्ट म्हणजे कोण?

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधून हॉलंडमध्ये आश्रयाला गेलेल्या काही ख्रिस्ती लोकांनी १६०९ साली ॲमस्टरडॅम येथे पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापन केली. १६१२ च्या सुमारास त्यांच्यापैकी काहीजण लंडनला परतले आणि तेथे ही परंपरा रुजली. विश्वासाची कबुली स्वतःच्या तोंडाने देऊ शकेल अशाच व्यक्तीला स्नानसंस्कार द्यावा, असे ते मानतात. त्यामुळे त्यांच्याकडे बालकांना स्नानसंस्कार दिला जात नाही. पुढे पाण्यात पूर्णपणे बुडवून स्नानसंस्कार देण्याची रीत त्यांच्यात रूढ झाली. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. सभासद एकत्र येऊन प्रार्थनापूर्वक पाळकाला 'पाचारण' करतात, त्याच्या उपजीविकेचा भार उचलतात आणि मंडळीच्या व्यवहाराचे निर्णय सभेत घेतात. ख्रिस्तसभेची आपली शिकवण याहून वेगळी आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. तरीही पुढील हकिगत समजण्यासाठी ही व्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे.

चांभाराच्या दुकानातून व्यासपीठावर

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील गावचे शाळामास्तर होते. विल्यम जोडे शिवण्याचा धंदा शिकले आणि काम करता करता लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास त्यांनी आरंभिला. १७८३ साली नीन नदीत त्यांनी बाप्टिस्ट रीतीने स्नानसंस्कार घेतला. पुढे मोल्टन या गावी ते पाळक झाले. तेथील वेतनात घर चालत नसे. म्हणून शाळा आणि चांभारकाम ही दोन्ही त्यांना करावी लागत.

१७८९ साली लेस्टर शहरातील हार्वे लेन येथील मंडळीने त्यांना बोलाविले. ही मंडळी त्या वेळी सुस्थितीत नव्हती. सभासदांत तंटे होते, काहींच्या वर्तनाने मंडळीला काळिमा लागला होता आणि आपली निवड देवाने आधीच केली असल्यामुळे नीतिनियमांचे बंधन आपल्याला नाही, अशी विपरीत मते काहीजण बाळगीत होते. समजावणीने भागेना, तेव्हा १७९० साली कॅरी यांनी एक धाडसी उपाय योजला. जुने सभासदत्व रद्द करण्यात आले आणि सुवार्तेला साजेसे जीवन जगण्याचा नवा करार जे मान्य करतील त्यांचीच मंडळी पुन्हा उभारण्यात आली. सुमारे दोन वर्षांच्या परीक्षेनंतर, मे १७९१ मध्ये, त्यांची तेथे विधिपूर्वक पाळक म्हणून स्थापना झाली.

त्या काळातील त्यांचा दिनक्रम वडिलांना लिहिलेल्या एका पत्रातून कळतो. दिवसा शाळा. सोमवारी प्राचीन भाषा, मंगळवारी विज्ञान व इतिहास, बुधवारी प्रवचन, गुरुवारी गाठीभेटी, शुक्रवार-शनिवार रविवारच्या उपदेशांची तयारी. मंडळी हळूहळू सावरू लागली. घडी नीट बसत होती, नेमक्या त्याच वेळी मोठी परीक्षा समोर आली.

ज्याची प्रार्थना केली तेच मागितले गेले

मे १७९२ मध्ये कॅरी यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. परराष्ट्रांत सुवार्ता पोहोचविणे हे आजच्या ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय, हा तिचा विषय होता. प्रवास दूरचा, लोक अनोळखी, भाषा अवघड अशी कारणे पुढे करणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले की, कॅथलिक मिशनऱ्यांनी याच अडचणींवर मात केलेली नाही काय? मतभेद तीव्र असण्याच्या त्या काळात एका बाप्टिस्ट पाळकाने हे मोकळेपणाने लिहावे, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावातील एका विधवेच्या घरी मूठभर पाळक जमले. त्यांनी मिशन संस्था स्थापन केली आणि १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स एवढी वर्गणी कबूल केली. जायचे कोणी, हा प्रश्न उरला. जानेवारी १७९३ मध्ये बंगालमध्ये काही वर्षे राहिलेले डॉक्टर जॉन थॉमस यांच्याबरोबर जाण्यास कॅरी तयार झाले.

हार्वे लेनच्या सभासदांना ही बातमी कळली तेव्हा त्यांना धक्का बसला. विस्कटलेले घर ज्याने सावरले तोच निघाला होता. ही मंडळी सुवार्तेच्या प्रसारासाठी वारंवार प्रार्थना करीत आली होती. आता पहिला त्याग देव आपल्याकडेच मागत आहे, अशा भावनेने तिने आपल्या पाळकाला निरोप दिला. मार्च १७९३ मध्ये कॅरी यांनी लेस्टर सोडले.

त्यागाची दुसरी बाजू

या त्यागाचा सर्वांत मोठा भार मंडळीवर पडला असे मात्र म्हणता येणार नाही. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी त्या वेळी गरोदर होत्या आणि एवढ्या दूर जाण्यास त्यांनी आरंभी नकार दिला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे कॅरी यांना पहिल्या जहाजावरून उतरावे लागले. या विलंबात बाळाचा जन्म झाला. अखेर बहीण सोबत येणार या अटीवर डोरोथी तयार झाल्या आणि १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून हे कुटुंब निघाले. बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ साली मरण पावला. डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले ते कायमचे. १८०७ साली त्यांचे निधन झाले. मिशनच्या गौरवगाथा सांगताना या माउलीचे दुःख झाकू नये, असे आम्हांला वाटते.

श्रीरामपूर आणि मराठी

जानेवारी १८०० मध्ये कॅरी डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे स्थायिक झाले. (वाचकांनी अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर समजू नये, हे कोलकात्याजवळ हुगळीकाठी आहे.) जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे त्यांचे सहकारी होते. त्याच वर्षी तेथे मंडळी स्थापन झाली आणि कॅरी पुन्हा पाळक झाले. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराने हुगळी नदीत स्नानसंस्कार घेतला. १८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला.

कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मत्तयच्या शुभवर्तमानाचा मराठी अनुवाद छापला गेला. १८१० साली मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले होते. म्हणजे मराठीची सेवा करणारे हे दोन्ही इंग्रज: एक येशूसंघीय धर्मगुरू, दुसरा बाप्टिस्ट पाळक. दोघांनाही या भूमीत येऊन आधी विद्यार्थी व्हावे लागले.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे कॅरी यांचे निधन झाले. चार दशकांच्या त्या काळात ते एकदाही इंग्लंडला परतले नाहीत. हार्वे लेनने दिलेले दान परत घेतले नाही.

मंडळीचे काय झाले?

पाळक गेला म्हणून मंडळी मोडली नाही. १८०७ पासून सुमारे दोन दशके रॉबर्ट हॉल हे त्या काळातील नामांकित वक्ते तेथे पाळक होते आणि वाढत्या उपस्थितीमुळे चॅपेल मोठे करावे लागले. १८४५ साली या मंडळीसाठी शहरात नवे, गोलाकार दर्शनी भागाचे चॅपेल बांधण्यात आले. त्याचे वास्तुरचनाकार जोसेफ हॅन्सम हे कॅथलिक होते, ही नोंद आपल्या वाचकांना सुखावून जाईल.

आपल्यासाठी

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंच्या जीवनात जे जे खऱ्या अर्थाने ख्रिस्ती आहे त्याची आनंदाने कदर करावी, अशी त्याची शिकवण आहे. हार्वे लेनची हकिगत या दृष्टीने वाचावी. पाचारणांसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो. ती ऐकली जावी आणि आपल्याच घरातील मुलामुलीला बोलावणे यावे, तर आपले उत्तर काय असेल? आवडत्या फादरांची दुर्गम मिशन केंद्रात नेमणूक झाली, तर आपण केवळ हळहळणार, की त्यांच्या पाठीशी उभे राहणार? लेस्टरच्या त्या साध्यासुध्या माणसांना मराठी भाषा कोठे बोलली जाते हे बहुधा ठाऊकही नसेल. तरी त्यांनी जे दिले त्याचा एक वाटा आपल्यापर्यंत पोहोचला. त्याबद्दल कृतज्ञ राहू या, आणि आपल्या धर्मग्रामालाही असे देते हात लाभोत, अशी प्रार्थना करू या.