विस्मरण आणि उजळणी

काल पाठ झालेला पाढा आज न आठवणारे मूल मंदबुद्धी असते, असे समजू नये. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले व आपले निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी झपाट्याने होते, पुढे मंदावते. तथापि विसरलेले पुन्हा पाठ करण्यास पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. एक दिवसानंतर वेळेची ही बचत सुमारे शेकडा ३४ भरली. म्हणजे विसरलेले सर्वस्वी नाहीसे होत नाही. म्हणून नव्या पाढ्याची उजळणी एकाच दिवशी दहा वेळा न घेता दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व पंधरवड्याने घ्यावी. अडखळणाऱ्या मुलास शिक्षा न करता प्रथम स्वतः आठवण्यास अवसर द्यावा.