प्रार्थनेपासून परळपर्यंत

गिरगावात बसचा वाहक ‘प्रार्थना समाज’ अशी हाक देतो तेव्हा उतरणाऱ्यांना तो फक्त थांबा वाटतो. ज्या संस्थेवरून हे नाव आले, तिची स्थापना 31 मार्च 1867 रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या पुढाकाराने झाली.

त्याआधीचा एक प्रयत्न फसला होता. आत्मारामांचे बंधू, व्याकरणकार दादोबा यांनी 1849 च्या सुमारास परमहंस सभा काढली. तिचे सभासद गुप्तपणे जमत आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन मोडत. पुढे सभासदांची नावे फुटली आणि बहिष्काराच्या धास्तीने सभा विखुरली. त्यानंतर, 1864 मध्ये, बंगालच्या ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन मुंबईत आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी सुशिक्षित तरुणांना नवी उभारी दिली.

नव्या संस्थेने मात्र ब्राह्म हे नाव घेतले नाही. ईश्वर एक, निराकार. त्याची उपासना प्रेमाने करायची. त्याच्या आणि आपल्यामध्ये भट नको, मूर्ती नको, ग्रंथप्रामाण्यही नको. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांनी या श्रद्धेचे मूळ महाराष्ट्राच्या संतांमध्ये शोधले. उपासनेत तुकोबांचे अभंग आले. आपण नवा पंथ काढत नसून भागवत धर्माचीच वाट पुढे नेत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी मनाशी नाते जोडणारी ही निवड मला फार मोलाची वाटते.

तिची किंमतही होती. सभासदाने जात सोडलीच पाहिजे, घरचे देव काढलेच पाहिजेत, अशी सक्ती प्रार्थना समाजाने केली नाही. त्यामुळे विचार एक आणि घरातला व्यवहार दुसरा, अशी ओढाताण झाली. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे 1873 मध्ये विधुर झाले आणि वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून स्त्रीशिक्षणासाठी झटली. भांडारकरांनी मात्र 1891 मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

समाजाचे खरे तेज उपासनामंदिराबाहेर दिसते. 1873 मध्ये ‘सुबोध पत्रिका’ निघाली, 1876 पासून श्रमिकांसाठी रात्रशाळा चालू लागल्या. पंढरपूरचे काम त्याहून अवघड होते. फसलेल्या विधवा लोकलाजेपोटी तीर्थक्षेत्री येऊन बाळंत होत आणि नवजात मुले टाकली जात, मारलीही जात. लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये तिथे बालहत्या-प्रतिबंधक गृह उभे राहिले. आईला दोषी न ठरवता आधी मूल वाचवायचे, हा विचार त्या काळात फार धाडसाचा होता.

जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून 1903 मध्ये परतले आणि समाजाचे प्रचारक झाले. सुशिक्षितांच्या रविवारच्या उपासनेत त्यांचे मन रमले नाही. 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी परळ भागात निराश्रित साह्यकारी मंडळीची, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची, पहिली शाळा अस्पृश्यांच्या मुलांसाठी उघडली. अध्यक्ष होते समाजाचे सर नारायण चंदावरकर. शिंद्यांची बहीण जनाक्का या कामात उतरली. शिंद्यांनी 1910 मध्ये समाजाचे प्रचारकपद सोडले आणि सारा वेळ मिशनला दिला. पुढे पुणे हे त्यांचे मुख्य केंद्र झाले.