झऱ्यांच्या नावाचे जंगल

ईदनंतरच्या सुट्टीत आम्ही नागझिऱ्याला गेलो. साकोली सोडून जंगलाच्या दिशेने वळलो की धानाच्या बांध्या आणि अधूनमधून एखादी बोडी लागते. एप्रिलचे ऊन होते, बोड्यांचे तळ भेगाळले होते. पिटेझरीच्या गेटवर उतरलो तेव्हा नानींनी एका लोट्यात वजू उरकली. लोट्यात थोडे पाणी उरले, ते त्यांनी जवळच्या रोपट्याला घातले.

जीपमध्ये बसल्यापासून मुलांचा एकच धोशा, ‘वाघ कुठाय?’ वाघ काही दिसला नाही. मात्र एवढ्या उन्हात, पानगळ झालेल्या जंगलात, दगडांमधून पाणी झिरपताना दिसले. आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत राहिलो.

नागझिरा या नावातच ‘झिरा’ आहे. जंगलाच्या मध्यभागी असलेल्या पहाडीतून हा झिरा निघतो आणि बाराही महिने वाहतो. तिथे नागदेवाचे ठाणे, म्हणून नागझिरा. मग आजूबाजूची नावे ऐका: पिटेझरी, मंगेझरी, थाडेझरी, पोंगेझरा. जुन्या लोकांनी गावांना आणि ठिकाणांना पाण्याचीच नावे दिली.

हे पाणी येते कुठून? पावसाळ्यात पहाडीवर पडलेला पाऊस झाडे आणि पालापाचोळा अडवून धरतात. तो मातीत मुरतो, खडकांच्या भेगांतून सावकाश खाली सरकतो आणि जिथे वाट मिळते तिथे पायथ्याशी बाहेर येतो. जूनमध्ये पडलेले पाणी आपल्याला उन्हाळ्यात भेटते ते असे. वरची झाडी गेली की पाणी मुरायला सवडच मिळत नाही. ते धो धो वाहून जाते आणि झरा आटतो.

नानींच्या माहेरी टेकडीखाली अशीच एक झरी होती. लग्नाआधी त्या तिथून घागर भरून आणत. टेकडीवरची झाडे सरपणाला आणि शेताला गेली. आता तिथे उतारावर नुसता दगड आहे आणि त्या जागेला लोक अजून ‘झरीवर’ म्हणतात. नागझिऱ्याचे पाणी बघून नानी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

उन्हाळ्यात जंगलाचा सगळा कारभार पाण्याभोवती चालतो. सांबर, चितळ, रानगवे ठरलेल्या वेळी पाणवठ्यावर येतात. त्यांच्या मागावर बिबट्या आणि रानकुत्र्यांची टोळी. मोहाची फुले पडली की अस्वले झाडाखाली फिरतात. पक्ष्यांपैकी लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक आम्हाला ओढ्याकाठी दिसला. नवरंग मात्र पावसाबरोबर येतो, आणि पावसाळ्यात पर्यटन बंद असते.

नागझिरा अभयारण्य 1970 चे. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि जंगल दोन्हीकडे विभागले गेले. प्राण्यांना अर्थात ती हद्द ठाऊक नाही. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव, नागझिरा आणि भंडाऱ्याजवळचे कोका मिळून राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. येथे वाघ थोडे, म्हणून मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून सोडल्या. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’ ही दोन पुस्तके घरात असावीत. मुलांना आधी वाचायला द्यावीत, म्हणजे वाघाचा धोशा जरा कमी होईल!

जंगलात पायी फिरता येत नाही, जीपमधून उतरायलाही मनाई आहे. कुटुंबासह चालायचेच असेल तर तुमसरकडे जावे. तिथे सातपुड्याच्या टेकड्यांत अंबागड किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सरदार राजा खान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. पायथ्यापासून झाडीतून वर चढायचे. वाट थकवणारी, पण मुलांना झेपणारी. आमच्या धाकट्याने ती आमच्याआधी पार केली. जवळच गायमुख आहे, तिथेही डोंगरातून झरा येतो आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

हिवाळ्यात जाणे उत्तम. सकाळी लवकर निघावे, पायात बूट असावेत. पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. आम्ही किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. तटाच्या सावलीत चादर अंथरली. पाणी एकच बाटली उरले होते आणि माणसे सहा. नानींनी लोटा पुढे केला आणि सगळ्यांची वजू त्यात कशी होते ते करून दाखवले.