गुणिले दहा लाख

दर सहा सेकंदांना एक माणूस. २५ ऑगस्ट २०१७ रोजी म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्करी कारवाई सुरू झाली आणि पुढच्या पाच आठवड्यांत तिथल्या रोहिंग्या समाजातले पाच लाखांहून अधिक लोक सरहद्द ओलांडून बांगलादेशात आले. भागाकार करून पाहा. दिवसाला १४ हजार, तासाला सुमारे ६००, मिनिटाला १०. हे सलग ३५ दिवस चाललं, भर पावसाळ्यात. कुणी होडीतून नाफ नदी पार केली, कुणी म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन चिखल तुडवत आलं.

ही माणसं कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत थांबली. तिथल्या जंगलाच्या टेकड्या हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होत्या. आज त्या भागात ३३ छावण्या आहेत आणि त्यांतल्या कुतुपालोंगची वस्ती जगातली सर्वांत मोठी निर्वासित वस्ती मानली जाते. २०२४ पासून आणखी सुमारे दीड लाख लोक आले आणि आधीपासून असलेले, मधल्या काळात येत राहिलेले असे सगळे धरून एकूण आकडा ११ लाखांच्या वर गेला. हे सगळे राहतात सुमारे २४ चौरस किलोमीटरमध्ये. हिशेबाच्या सोयीसाठी आपण माणसं १० लाखच धरू.

अशा छावणीची बातमी येते तेव्हा छायाचित्रात डॉक्टर दिसतो, भेटीला आलेला पाहुणा दिसतो. गोदामातला स्टोअरकीपर, नोंदणीचा क्लार्क, ट्रकचा ड्रायव्हर, वजनकाट्याजवळ उभा असलेला फील्ड असिस्टंट, नळावर क्लोरीन तपासणारा स्वयंसेवक दिसत नाहीत. मदत संस्थांच्या भाषेत यांचं काम ‘फील्ड सपोर्ट’. यातले बहुतेक त्याच जिल्ह्यातले बांगलादेशी असतात आणि त्यांच्याबरोबर हजारो रोहिंग्या स्वयंसेवक राबतात. या सर्वांच्या कामाच्या मुळाशी एक गुणाकार आहे. एका माणसाला लागतं तरी किती? मूठभर. आता त्याला दहा लाखांनी गुणा.

पाण्यापासून सुरुवात करू. आपत्तीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी मिळावं, असं मदतकार्याचे जागतिक निकष सांगतात. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं त्यातच. दहा लाख माणसांसाठी ते होतं दिवसाला दीड कोटी लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १,५०० टँकर. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या एका टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला या आकड्याचं वजन वेगळं सांगायला नको. टेकड्यांवरून रोज एवढे टँकर फिरवणं अशक्यच होतं. म्हणून खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या, सौरपंप बसले, उंचावर टाक्या चढल्या आणि नळ टाकले गेले.

एवढ्यावर भागत नाही, ते पाणी निर्जंतुक हवं. नळाशी येईपर्यंत लिटरमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे. दीड कोटी लिटरमागे हे शिल्लक क्लोरीन भरतं फक्त साडेसात किलो. टाकावं लागतं त्याहून जास्त, कारण बरंचसं वाटेतच खर्ची पडतं. पण शेवटी राहणाऱ्या या साडेसात किलोंवर दहा लाख लोकांचं पोट अवलंबून असतं. एखाद्या नळावर ते कमी पडलं तर तिथून शे-दोनशे माणसं दूषित पाणी घरी नेतात. म्हणून कुणीतरी रोज त्या नळापाशी जाऊन छोट्या नळीत पाणी घ्यावं लागतं आणि रंग पाहून वहीत आकडा लिहावा लागतो. ही नोंद पुढे छापून येत नाही, पण साथ रोखण्याचं काम ती करते.

आता धान्य. निकष आहे माणशी रोज २,१०० कॅलरी. धान्याच्या रूपात वाटायचं तर त्यातल्या मुख्य जिन्नसांची साधारण मांडणी अशी: ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मीठ. ताटात पाहिलं तर फार नाही. दहा लाखांनी गुणल्यावर रोजचा ४०० टन तांदूळ, ६० टन डाळ, २५ टन तेल आणि ५ टन मीठ होतं. नुसता तांदूळ म्हटला तर ५० किलोंची ८,००० पोती रोज, महिन्याला २ लाख ४० हजार पोती. ही पोती जहाजातून उतरवायची, गोदामात थप्पी लावायची, जमिनीच्या ओलीपासून वर फळ्यांवर ठेवायची, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, प्रत्येक ट्रकबरोबर चलान द्यायचं आणि परतीच्या चलानावरची सही स्टॉक रजिस्टरशी ताडून पाहायची. छावणीच्या आत जिथे ट्रक जाऊ शकत नव्हते, तिथे पुढचा सगळा प्रवास हमालाच्या डोक्यावरून व्हायचा.

समजा, प्रत्येक पोत्यात २०० ग्रॅम कमी भरले. कुठे शिवण उसवली, कुठे उंदरानं कुरतडलं, कुठे काटा किंचित बिघडला. पन्नास किलोंत दोनशे ग्रॅम म्हणजे हजारात चार भाग. घरी आणलेल्या पोत्यात इतकी घट कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ८,००० पोत्यांवर ती रोज १,६०० किलो होते. तो ४,००० माणसांचा त्या दिवसाचा तांदूळ. वजनकाटा रोज तपासून घेणारा एक माणूस म्हणूनच इतका मोलाचा ठरतो.

धान्य आलं तरी ते हातात पडेपर्यंतचं गणित उरतंच. दहा लाख लोक म्हणजे सुमारे २ लाख कुटुंबं. वाटपाच्या टेबलावर एका कुटुंबाला पाच मिनिटं धरू: कार्ड पाहायचं, बोटाचा ठसा घ्यायचा, माल मोजून द्यायचा. एका फेरीला दहा लाख मिनिटं झाली. एक टेबल रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस चाललं तर १२ हजार मिनिटं देतं. म्हणजे महिन्याचं वाटप महिन्यात संपवायला एका वेळी ८४ टेबलं हवीत, प्रत्येक टेबलावर माणूस हवा आणि समोर शिस्तीत चालणारी रांग हवी. प्रत्येक कुटुंबामागे एकच मिनिट वाढलं तर टेबलं शंभर लागतात. उन्हात उभ्या असलेल्या गरोदर बाईला किती वेळ थांबावं लागेल, हे या एका मिनिटावर ठरतं. आता तिथे बहुतांश कुटुंबांना कार्ड दिलं आहे. त्यावर दरमहा रक्कम जमा होते आणि ठरलेल्या दुकानांतून लोक आपल्या पसंतीनं जिन्नस घेतात. पद्धत बदलली, गुणाकार तोच राहिला.

या सगळ्याच्या आधी येते नोंदणी. जून २०१८ मध्ये बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर यांनी संयुक्त नोंदणी सुरू केली. यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था. बारा वर्षांवरील प्रत्येकाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन घेतलं गेलं. यात फक्त एक टक्का चुका झाल्या असं धरलं, तरी १० हजार माणसं रेशनच्या यादीबाहेर पडतात किंवा चुकीच्या कुटुंबात जातात. यादीही स्थिर नसते. बांगलादेश सरकारच्या अंदाजानुसार या छावण्यांत वर्षाला सुमारे ३० हजार बाळं जन्मतात, म्हणजे रोज ८० हून अधिक नवी नावं. संगणकापुढे बसलेल्या क्लार्कच्या दृष्टीनं ती आणखी एक ओळ असते. बाळाच्या दृष्टीनं ती जगातली पहिली नोंद.

छपराचं गणित थक्क करणारं आहे. मदत संस्था देतात ती ताडपत्री ४ मीटर बाय ५ मीटरची, म्हणजे २० चौरस मीटर. प्रत्येक कुटुंबाला दोन दिल्या तर २ लाख कुटुंबांसाठी ८० लाख चौरस मीटर प्लॅस्टिक लागतं. म्हणजे ८ चौरस किलोमीटर, छावण्यांच्या एकूण जमिनीचा एक तृतीयांश. झोपडीमागे ६० बांबू धरले तर १ कोटी २० लाख बांबू. प्रक्रिया न केलेल्या बांबूला कीड लागते आणि तो एक-दोन वर्षांत पोखरला जातो. म्हणून बोरॉनच्या द्रावणात बांबू बुडवून टिकाऊ करण्याची केंद्रं उभारावी लागली.

आणि जागा? निकष सांगतो माणशी ४५ चौरस मीटर, त्यात रस्ते, शाळा, दवाखाने, मोकळी जागा सगळं आलं. इथे सरासरी २४, आणि दाट वस्तीत १० किंवा त्याहूनही कमी. दाटीची किंमत आगीत कळते. २२ मार्च २०२१ च्या आगीत सुमारे १० हजार झोपड्या जळाल्या आणि ४५ हजार माणसं उघड्यावर आली, तीही काही तासांत. त्याच वर्षी २८ जुलैला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तेवढाच पाऊस छावण्यांच्या सगळ्या जमिनीवर पडला असं धरलं तर ते ७२० कोटी लिटर पाणी होतं. दहा लाख माणसांच्या किमान गरजेच्या हिशेबानं ते ४८० दिवसांचं पाणी, आणि ते एका दिवसात, झाडं तुटलेल्या मातीच्या टेकड्यांवर. म्हणून पावसाळ्याआधी गटारं उपसणं, उतारांना बांबूची कुंपणं घालणं, धोक्याच्या जागेवरची कुटुंबं हलवणं, ही दरवर्षीची कामं.

वीस माणसांमागे एक शौचालय हा निकष धरला तर ५० हजार शौचालयं लागतात. त्यांचे खड्डे भरतात आणि उपसावे लागतात. ऑक्सफॅम या मदत संस्थेनं २०१९ मध्ये इथे दीड लाख माणसांच्या मैल्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा केला. निर्वासित छावणीतला तो त्या वेळचा सर्वांत मोठा प्रकल्प होता. सगळ्या छावण्यांसाठी असे सात लागले असते.

गुणाकार नीट जमला की काय होतं, याचं उदाहरणही इथेच आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ येणार अशी भीती होती. ९ लाख डोस मागवले गेले आणि पहिल्या फेरीत आठ-नऊ दिवसांत सुमारे ७ लाख लोकांना तोंडावाटे लस दिली गेली. प्रत्येक कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवून, बर्फाच्या पेट्या खांद्यावरून नेऊन. भीती होती तशी साथ आली नाही. इथे यशाचा आकडा शून्याच्या जवळचा असतो. म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पैशाकडे वळू. इथल्या मदतकार्याच्या २०२५ साठीच्या संयुक्त आराखड्यात ९३ कोटी ४५ लाख डॉलरची मागणी होती, आसपासचे स्थानिक बांगलादेशी धरून १४ लाख ८० हजार लोकांसाठी. आकडा प्रचंड वाटतो. भागून पाहिला तर माणशी वर्षाला ६३१ डॉलर, दिवसाला १ डॉलर ७३ सेंट, म्हणजे सुमारे दीडशे रुपये. त्यात अन्न, पाणी, छप्पर, दवाखाना, शाळा, सगळं बसवायचं. २०२५ चं निम्मं वर्ष सरलं तरी या मागणीच्या अर्धी रक्कमही हाती आली नव्हती.

२०२३ मध्ये निधी आटला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला महिन्याची शिधारक्कम माणशी १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणावी लागली. आठ डॉलर म्हणजे रोज २७ सेंट, त्या वेळच्या दरानं सुमारे २२ रुपये. चार डॉलरची ही कपात दहा लाखांनी गुणली की महिन्याला ४० लाख डॉलर वाचतात. ही बचत दहा लाख ताटांतून निघालेली असते. २०२४ मध्ये रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढवून साडेबारा डॉलरपर्यंत नेली गेली.

कॉक्स बाजार हा एक जिल्हा झाला. २०२४ च्या अखेरीस जगभरात युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घर सोडावं लागलेल्यांची संख्या होती १२ कोटी ३२ लाख. तुलनेसाठी, २०११ च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र भरला ११ कोटी २४ लाख. घर सोडावं लागलेल्यांचं प्रमाण म्हणजे पृथ्वीवरच्या दर ६७ माणसांमागे एक. यूएनएचसीआर ही संस्था डिसेंबर १९५० मध्ये स्थापन झाली ती तीन वर्षांच्या मुदतीवर, कारण तेवढ्यात प्रश्न मिटेल असं वाटलं होतं.

आपल्याला हे काम अनोळखी नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. माणशी ४०० ग्रॅम धान्य धरलं तरी दिवसाला २ टन. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून भारतात आले जवळपास १ कोटी लोक. त्याच मापानं रोज ४,००० टन. तेही कुणीतरी मोजलं, वाहिलं, वाटलं.

या कामाची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले आणि त्यातले बहुसंख्य स्थानिक होते. जून २०२५ मध्ये यूएनएचसीआरनं निधीअभावी सुमारे ३,५०० पदं कमी करत असल्याचं जाहीर केलं.

देणगी देताना आपण हमखास विचारतो, यातला किती पैसा प्रत्यक्ष गरजूला मिळणार आणि किती कर्मचाऱ्यांवर जाणार? प्रश्न योग्य आहे, जरूर विचारावा. पण उत्तर ऐकताना वजनकाट्याजवळचा तो माणूस विसरू नका. पोत्यामागचे २०० ग्रॅम त्यानं पकडले तर रोज ४,००० माणसं जेवतात. त्याचा पगार हा मदतीतून वजा होणारा खर्च नाही, तो मदतीचाच भाग आहे. देणगी द्या आणि त्यातला काही वाटा त्याच्या पगाराला जाऊ द्या.